सल्लागार साहेब दिसू लागले

आमच्या ऑफिसातले किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. चहाला चार माणसं बसली की ते आपोआप निघतात. माझा पहिला किस्सा नोकरीच्या पहिल्याच दिवसाचा. आमचे साहेब सरकारचे वरिष्ठ शेती सल्लागार. मंत्री मुंबईत बोलतात, पण काय बोलायचं ते गोंदियातल्या आमच्या दोन खोल्यांत ठरतं. साहेबांचे जुने पीए बिसेनकाका मला म्हणाले, "साहेब कोणत्याच फोटोत दिसले नाही पाहिजे. आणि काऊन म्हणून विचारायचं नाही."

मी लगेच विचारलं, "काऊन?"

काका दिवसभर माझ्याशी बोलले नाहीत.

*

नवेगाव बांध या गावी साहेबांना कोणी ओळखत नव्हतं. गावकऱ्यांनी हार ड्रायव्हरच्या गळ्यात घातला, कारण कडक पांढरा शर्ट त्याचाच होता. साहेब तलावाच्या पाळीवर मासे विकणाऱ्या बाईजवळ जाऊन बसले. तिनं मासेमारीच्या नव्या योजनेला मनसोक्त शिव्या घातल्या. "ज्यानं हे बनवलं, त्याले एक दिवस डोंग्यात बसवा!"

"बसवलंच पाहिजे," साहेब काठावरच्या होडीकडे बघत म्हणाले.

योजना त्यांचीच होती. थोड्याच दिवसांत ती बदलली.

*

मग वरून निरोप आला. सल्लागारांनी आता लोकांसमोर यावं, रील्स कराव्यात, पॉडकास्टला बसावं. बिसेनकाकांनी त्या दिवशी चहासुद्धा घेतला नाही.

पहिल्या रीलसाठी मी मोबाइल उचलला आणि साहेब गायब! कॅमेरा दिसला की बाजूला सरकायचं, ही त्यांची वर्षानुवर्षांची सवय. मी डावीकडे वळले की ते उजवीकडे. शेवटी एका बाजूला कपाट आणि दुसऱ्या बाजूला बिसेनकाका, असं मधे उभं केलं त्यांना. रीलभर काकांचं अर्धं पोट दिसतं. लाइक्स मात्र भरपूर आले.

*

साहेबांना ते आवडायला लागलं. केस काळे झाले. सरकारी केंद्रावर धान विकायच्या नंबराचं टोकन यापुढे फक्त मोबाइलवर मिळेल, हा सल्ला आपलाच, हेही त्यांनी कॅमेऱ्यात बघून सांगितलं.

दवनीवाड्याला गेलो तर सेल्फीसाठी ही गर्दी. साहेब ज्याला त्याला विचारत होते, टोकनचं कसं चाललंय? जो तो "एकदम बढिया, साहेब" म्हणायचा आणि फोटोसाठी मान तिरकी करायचा. साहेब खूश. मी परतीच्या वाटेवर विचार करत राहिले, अख्ख्या गावाचं एकदम बढिया कसं असेल?

*

ते मुर्री गावच्या धान केंद्रावर कळलं. व्हिडिओ लाइव्ह चालू होता. एक बाई धानाच्या पोत्यांवरून उतरली आणि सरळ साहेबांसमोर येऊन उभी राहिली. "मोबाइल नवरा घेऊन गेला नागपूरले. धान माह्याजवळ, उघड्यावर पडून राहिलं. मंग मले टोकन कसं भेटन? सल्ला तुमचाच हाय ना?"

साहेब "पाहू" म्हणाले आणि मला न घेताच गाडीत बसून निघाले.

ऑफिसात साहेब, बिसेनकाका आणि दोन वयस्कर अधिकारी माझी वाटच बघत होते. व्हिडिओ काढून टाक, असं प्रत्येकानं आपापल्या परीनं समजावलं. मी हलत नाही म्हटल्यावर काका म्हणाले, "पोरी, नोकरी जाईल तुही."

"जाऊ द्या. मी नाही काढत. तिनं साहेबांना विचारलंय. उत्तर द्या, तेही टाकते."

साहेबांनी माझ्या हातातून मोबाइल घेतला आणि व्हिडिओ पहिल्यापासून लावला. ती बाई पुन्हा पोत्यांवरून उतरू लागली.