चाचांच्या मिक्सरचा इको

गेल्या मार्चमध्ये कोल्हापुरात कुस्तीच्या मैदानांवर निवेदन करणाऱ्या चाचांचं स्वरयंत्र कर्करोगामुळं काढावं लागलं. त्याच्या आदल्या आठवड्यात मी आणि माझ्या मित्रानं त्यांचा आवाज रेकॉर्ड केला होता.

आम्ही दोघं उद्यमनगरातल्या एका खोलीत इलेक्ट्रॉनिक संगीताचे प्रयोग करतो. लेथचा, पत्र्याचा, माणसाचा आवाज घ्यायचा, तोडायचा, ताणायचा. मित्राला रिव्हर्ब लागतो, म्हणजे रिकाम्या सभागृहात आवाज भिंतींवरून परतून रेंगाळतो तसा घुमारा. मला कोरडा आवाज लागतो. त्यावरून आमची भांडणं होतात. रेकॉर्डिंग मात्र कोरडंच करायचं, यावर एकमत आहे. घुमारा नंतर हवा तेवढा मिसळता येतो. मिसळलेला नीट वेगळा होत नाही.

चाचा मैदानावरचा स्वतःचा माइक आणि आवाजाचा मिक्सर घेऊन आले. मिक्सरवरचा इको, म्हणजे घुमाऱ्याचा खटका, निम्म्यावर होता.

"चाचा, हा बंद ठेवूया. मागनं टाकतो की," मी म्हणालो.

"कोरड्या आवाजात मयताची बातमी सांगत्यात, पावणं. माजा पैलवान आत येतोय. ऱ्हाऊ दे."

त्यांची मुलगी सोबत होती. "घरात बिनइकोचं वरडता, ते गल्लीभर ऐकू येतंय की."

"ते फुकटचं असतंय."

मित्रानं दुसरा, साधा माइक शेजारी लावू का, म्हणून विचारलं.

"दोन दोन माइक कशाला? लगीन हाय व्हय?"

त्यांनी मैदानात असल्यासारख्या कुस्तीच्या जोड्या पुकारल्या, हलगीवाल्यांना दटावलं. शेवटी मुलीच्या आग्रहावरून घरच्यांना एकेकाचं नाव घेऊन जेवायला बोलावलं. तेही त्याच माइकवरून, इकोसकट.

मे महिन्यात मुलगी चाचांना घेऊन खोलीवर आली.

"अम्मी म्हणते, हे मैदानातले अब्बा हाईत. घरातले पायजेत. तेवढा घुमारा काढा."

फोनमध्ये घरातलं काही नाही का, असं मित्रानं विचारलं. होतं ते सगळं मैदानातलंच होतं.

आम्ही सॉफ्टवेअर लावलं. घुमारा कमी झाला, त्याबरोबर शब्दांची टोकंही गेली. आणखी काढल्यावर आवाज पाण्याखालून आल्यासारखा झाला. मुलीनं हेडफोन काढले.

"हे कोण?"

तिनं ते चाचांच्या कानाला लावले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि मानेनं नाही म्हटलं.

आणखी काही करता येईल का, असं तिनं विचारलं. नाही, असं आम्ही सांगितलं. मूळ फाइल तिनं फोनवर घेतली.