भार आणि भारा

“भरा ना भाऊ, कोणाचं काय जाते! कचराच तं हाय.”

धुऱ्यापलीकडून, म्हणजे बांधापलीकडून, ट्रॅक्टरवाल्याचं हे बोलणं कानावर आलं तेव्हा मी पप्पांच्या गाडीला टेकून उभी होते आणि उन्हात पडलेल्या पऱ्हाटीचा वास घेत होते. कपाशीची शेवटची वेचणी झाली की उभी झाडं मुळासकट उपटतात, तीच ही पऱ्हाटी. दोन-चार दिवसांच्या पऱ्हाटीला एक ओलसर, तुरट वास असतो. मुळांना धरून राहिलेली काळी माती, वाळक्या बोंडांत अडकलेले कापसाचे पुंजके, अर्धवट सुकलेली साल, या सगळ्यांचा मिळून तो होतो. उंद्रीच्या आमच्या वावरात हंगाम संपल्याची बातमी मला दरवर्षी हा वासच देतो. तो छातीत भरून घ्यावा, तर कानात काय पडावं? कचरा!

मी काही बोलले नाही. सहसा बोलतच नाही. मनात वाक्य जुळवून, उलटसुलट तपासून होईपर्यंत बोलण्याची वेळ निघून गेलेली असते. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. तिथे मराठीचं हसू व्हायचं, आणि गावात आले की माझ्या पुस्तकी मराठीचं. अशी दोन्हीकडून बोलायला कचरणारी मुलगी मी. पण त्या दिवशी तो शब्द काट्यासारखा रुतला तो रुतलाच.

तुम्हीच सांगा, ज्या वस्तूला स्वतःचं नाव आहे तिला कचरा कसं म्हणायचं? सोयाबीन-हरभऱ्याच्या मळणीतून निघतं ते कुटार, ते गव्हाणीत जातं. ज्वारीचा तो कडबा. तुरीच्या त्या तुराट्या. त्यांचे कूड होतात, खळं झाडायचा खराटा होतो. आणि कपाशीची पऱ्हाटी, जिच्यावर आमच्या गावातल्या निम्म्याअधिक चुली पेटतात. जवळच्या माणसांना हाक मारावी तशी ही नावं आहेत; घरात वावरून वावरून गुळगुळीत झालेली. या सगळ्यांसाठी मी शाळेत एकच शब्द पाठ केला होता, रेसिड्यू. हवं ते काढून घेतल्यावर मागे उरतं ते. काढून घेणारा कोण आणि उरतं ते कोणासाठी, हा प्रश्न त्या पुस्तकात नव्हता. परीक्षेतही आला नाही.

आठवड्यापूर्वी ग्रामपंचायतीच्या सभागृहात एक बैठक झाली होती. पप्पांनी मला मुद्दाम नेलं, कारण बाहेरून येणारे साहेब इंग्रजीत बोलले तर कोणीतरी हवं. साहेब तरुण होते, नम्र होते, आणि चांगलं पुणेरी मराठी बोलत होते. त्यांनी पडद्यावर जिल्ह्याचा नकाशा लावला. घाटावर चिखली, बुलढाणा, घाटाखाली खामगाव. प्रत्येकाभोवती एक हिरवं वर्तुळ आणि वर मोठ्या अक्षरांत ‘जैवभार आधारित औद्योगिक समूह’. गावोगावी गोळा केंद्रं निघतील, शेतातला पालापाचोळा-काड्या तिथे येतील, त्यांच्या दाबून कांड्या होतील, वायू होईल, खत होईल. कारखान्यांच्या बॉयलरमधला दगडी कोळसा हटेल आणि मुलांना इथेच काम मिळेल. खोटं कशाला सांगू, माझं मन हरखून गेलं. माझ्या वर्गातल्या मैत्रिणी पुण्याला गेल्या त्या दिवाळीपुरत्याच येतात. इथल्या मातीतून इथेच काही उभं राहणार असेल, तर त्याच्या आड मी का यावं?

आणि तो शब्द किती सुंदर, जैवभार! जिवंतपणाचं वजन. मी तो मनात घोळवत होते, इतक्यात पडद्यावर पुढचं वाक्य उमटलं आणि साहेबांनी ते वाचून दाखवलं: “सध्या हा सगळा जैवभार वाया जातो.”

मागच्या बाजूला, जिथे बाया खाली बसल्या होत्या, तिथून चंद्रकलामावशीचा आवाज आला. शेजारणीला म्हणाली, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं, “वाया काऊन जाते वं? माह्या घरी तं जाते!”

सभागृह हसलं. साहेबही हसले, आणि पुढचं चित्र लावलं.

चंद्रकलामावशी विहाराकडच्या वस्तीत राहते. स्वतःचं वावर नाही. निंदणीला, वेचणीला ती आमच्याकडे माझ्या जन्माआधीपासून येते. पऱ्हाटीची मात्र मजुरी नसते. आमच्या गावात रीत अशी, की उपटेल त्याची पऱ्हाटी. लोखंडी चिमट्यात बुंधा धरायचा, अंग मागे टाकायचं, आणि मूळ जमीन सोडतं तेव्हा एक दबका, तुटका आवाज येतो. असं एकेक झाड. सगळं वावर मोकळं झालं की शेतमालकाला नांगरायला रान मिळतं आणि उपटणारीला वर्षाचं सरपण. कोणी कोणाला काही देत नाही आणि कोणाचं काही राहत नाही. त्या उपटलेल्या पऱ्हाटीचे भारे बांधतात, आणि ते डोक्यावरून घरी जातात. जैवभारातला भार आणि बाईच्या डोक्यावरचा भारा! शब्द एकाच मुळाचे; मधे फक्त एक काना. पण नकाशावर भार मावला, भारा काही मावला नाही. वर्तुळाच्या आत माती होती, पीक होतं, रस्ता होता, बॉयलर होता. ती मान कुठे होती, जिच्यावरून हा सगळा भार आजवर वाहिला गेला?

लोक मला म्हणतील, मुली, आता गॅस आहे ना घरोघर! आहे की. मावशीच्या घरीही आहे. त्याच्यावर विणलेला रुमाल घातलेला असतो आणि पाहुणा आला की चहापुरता तो पेटतो. अंघोळीचं पाणी, भाकऱ्या, म्हशीचं आंबोण हे सगळं चुलीवरच. धुरानं तिचे डोळे लाल होतात हेही मी पाहिलं आहे, आणि चुलीचं काव्य करण्याचा अधिकार मला नाही, कारण मला ती पेटवताही येत नाही. पण तिची चूल सुटावी असं ज्यांना मनापासून वाटतं, त्यांनी आधी तिच्या हातात दुसरं काही द्यावं आणि मग काडी मागावी. हे काडी आधी ओढून घेतात! आणि त्याला नाव देतात विकासाचं.

खरं सांगायचं तर शेतातून कारखान्यापर्यंतची अशी साखळी आमच्या जिल्ह्याला नवी थोडीच आहे? खामगावला मी लहानपणी पप्पांबरोबर कापसाच्या गाडीत बसून जायची. जिनिंगच्या आवारात कापसाचे पांढरे डोंगर, हवेत तरंगणारी तूस, नाकाला झोंबणारा तेलाच्या घाण्याचा वास. रुई वेगळी व्हायची, ती गाठींत जायची. सरकी तेलाच्या गिरणीत जायची. तेल निघाल्यावर उरलेली ढेप पोत्यांत भरून पुन्हा आमच्याच गोठ्यात यायची, आणि गोठ्यातलं शेण पुन्हा त्याच वावरात. एका बोंडाभोवती अख्खं शहर उभं राहिलं होतं; त्याला तेव्हा समूह म्हणत नसत एवढंच. त्या साखळीत दोष नव्हते असं नाही. पण ढेप परत यायची. गेलेल्या वस्तूचा काही अंश ज्याच्याकडून गेली त्याच्या दारात परत यायचा. या नव्या वर्तुळांतून काय परत येणार आहे, आणि कोणाच्या दारात?

संताप येतो तो याचा. कारखाना येतो याचा नाही. तालुक्यात कितीतरी वावरांत पऱ्हाटी उपटायला कोणी येत नाही म्हणून उभीच पेटवून देतात; संध्याकाळी आभाळ धुरकट होतं. ती न्या ना! ढीगच्या ढीग न्या. पण तिथे मजूर लावावे लागतात, यंत्र न्यावं लागतं. इथे मात्र एका बाईनं आणि तिच्या सुनेनं आधीच उपटून, साफ करून, बांधून ठेवलेले भारे आयते धुऱ्यावर रचलेले. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच की दुसरा?

कारण घडलं होतं ते असं. बैठक संपताना, मागच्या बाया उठून गेल्यावर, साहेबांनी विचारलं, की पहिली ट्रॉली कोण देतं. गोळा केंद्रासाठी पहिली ट्रॉली देणाऱ्या गावाचा आधी विचार होईल. पप्पा चटकन उभे राहिले आणि “आमच्या वावरातून घ्या,” म्हणाले. टाळ्या झाल्या. पप्पा वाईट नाहीत. गावात काही यावं म्हणून त्यांनी किती उंबरे झिजवले, ते मी पाहिलंय. पण त्या टाळ्यांत त्यांना एवढंही आठवलं नाही, की त्याच वावराबद्दल दिवाळीनंतर ते मावशीला म्हणाले होते, “घेऊन जाय औंदाही उपटून.” की आठवलं, आणि ते शब्द त्यांना शब्द वाटले नाहीत?

म्हणून त्या सकाळी ट्रॉली धुऱ्यावर उभी होती, बैठकीतले साहेबही आलेले होते आणि ट्रॅक्टरवाला व त्याचा जोडीदार एकेक भारा वर फेकत होते. तेवढ्यात मावशी आली. खांद्यावर दोर, हातात चिमटा, मागे सून. तिनं आधी ट्रॉलीकडे पाहिलं, मग पप्पांकडे.

“काऊन हो भाऊ, माहे भारे काऊन भरून राह्यले?”

“चंद्रकलाबाई, मजुरी देतो ना तुले,” पप्पा खाली पाहत म्हणाले. “आजच देतो.”

“मजुरी चुलीत घालू काय? नोटा काही लय येळ जळत नाहीत, भाऊ.”

ट्रॅक्टरवाला फिदीफिदी हसला. पप्पा चिडले नाहीत, अजिजीनंच म्हणाले, “गावाचं काम हाय वं. केंद्र आलं तं तुह्याच नातवाले काम भेटंल.”

“भेटू द्या ना बाप्पा, मी कुठं नाही म्हणून राह्यली! पण तवरोक सयपाक कशावर करू, ते सांगा.”

ट्रॅक्टरवाल्याच्या हातात एक भारा अर्धवट उचललेला तसाच राहिला. मावशी हसत होती, पण चिमटा तिनं छातीशी घट्ट धरला होता. सून ट्रॉलीच्या चाकाशी जाऊन उभी राहिली. माझ्या मनात वाक्यं जुळत होती, मोडत होती. हक्क, परंपरा, न्याय असे सगळे मोठे शब्द येऊन गेले आणि एकही तोंडापर्यंत पोचला नाही. पप्पांना चारचौघांत उघडं पाडायचं? ज्यांच्या पैशानं मी ते मोठे शब्द शिकले, त्यांना?

साहेब हातातल्या मोबाइलवर पहिल्या मालाची नोंद करायला थांबले होते. त्यांनी घड्याळ पाहिलं, मग मला पाहिलं. आपली भाषा समजणारं इथे हे एकच माणूस, असं त्यांना वाटलं असावं.

“मॅडम, तुम्ही जरा यांना समजावून सांगा ना,” ते म्हणाले. “माल मालकाच्या नावावर घ्यायचाय. काकांचंच नाव टाकू ना?”

पप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मावशीनं पाहिलं नाही. ती भाऱ्यांकडे पाहत होती. आणि या वेळी वाक्य तपासायला मी थांबले नाही.

“चंद्रकलामावशीचं नाव टाका,” मी म्हटलं. “माल तिचा हाय. तिनं हाव म्हटलं तरच न्या. नाही तं भरलेले भारे उतरवा खाली.”