प्रार्थनेचे बोलावणे

गेल्या उन्हाळ्यात मोर्शीजवळच्या एका गावात माझा एक मित्र आजाऱ्यासाठी प्रार्थना करायला गेला आणि प्रार्थना न करताच परतला. त्याला माझ्या दुचाकीवरून मी नेले होते.

अमरावतीत तो पंक्चर काढतो. तोंडात सदा तंबाखू-सुपारीचा खर्रा असतो आणि गिऱ्हाइकांशी रोज भांडण होते. तरी चर्चच्या मंडळीने रविवारी गावोगाव येशूची सुवार्ता सांगायला त्यालाच पाठवले. आजाऱ्याच्या कपाळावर हात ठेवताना मात्र त्याचा आवाज मऊ होतो. ज्यांच्यावर त्याने हात ठेवला, त्यांतली बरीच माणसे त्याच रात्री शांतपणे गेली.

"मी बरं कराले जातो ना भाऊ," तो मला म्हणायचा. "मंग बरं काहून होत नाई?"

गावांत मात्र वेगळाच समज पसरला. ज्या घरात कुणाचा जीव अडकला असेल, तिथून त्याला बोलावणी येऊ लागली.

त्या दिवशी घरच्या सुनेने दारातच सांगितले, "हात ठेवा दादा. सुटू द्या त्याईले."

आत खाटेवर तिचा सासरा होता. माझ्या मित्राला पाहताच म्हाताऱ्याने अंग चोरले. "मी नाई बोलावलं तुले."

मित्राने दोन्ही हात पाठीमागे नेले. "बरं आबाजी. नुसतं बसतो मंग."

तो खाली बसला आणि अंधार पडेपर्यंत संत्र्याच्या बागांविषयी बोलत राहिला. प्रार्थनेसाठी डोळे त्याने एकदाही मिटले नाहीत.

गेल्या आठवड्यात मी त्या गावी गेलो. म्हातारा ओट्यावर बसून भाकर खात होता. सुनेने मला चहा दिला आणि हळू आवाजात विचारले, "ते दादा पुन्हा कधी येतीन?"