इंजिन ओढणारा नावाडी

तापीवर पूल व्हायच्या आधी आम्हाला पैलतीरी नेणारा एक नावाडी होता. त्याचं नाव मला कधी कळलं नाही. नव्या सुनेने विचारायचं तरी कसं? एरवी गाईसारखा गरीब, पण नावेमागे जड तराफा बांधला की दोराजवळ बसणाऱ्या पाटलालाही दटावायचा. "दोरजोडे बठू नका, पाटील! ताण उना म्हनजे तो सगा बापले बी वळखत नही." बायकांना पदर आणि बाप्यांना धोतराचे सोगे खोचून घ्यायला लावायचा.

एकदा मामंजींनी केळीला पाणी द्यायचं नवं इंजिन घेतलं. ते तराफ्यावर बांधून नाव निघाली. मधल्या धारेत तराफ्याला ओढ बसली, सैल दोर सर्रकन धावला, आणि वाऱ्याने सुटलेला माझा पदर त्यात गुंतला. मी फरफटत नावेच्या कडेकडे जाऊ लागले. नावाड्याने कमरेचा कोयता काढला अन् माझं लग्नातलं लुगडं खांद्यापाशी सपकन कापलं.

"लुगडं दुसरं भेटी, माय!"

जीव वाचला हो, पण समोर मामंजी आणि माझं डोकं उघडं! मला रडूच फुटलं. त्याने झटकन पाठ फिरवली आणि गरजला, "सगळा जन इंजिनकडे देखा! जो वळी, त्याले पानीमा लोटसू!" मग न बघताच स्वतःच्या डोक्याचा पटका मागे फेकला.

तो घामट पटका मी डोक्यावरून घेतला. मामंजी गावातले मोठे मानकरी, पण काठ लागेपर्यंत मुकाट इंजिनाकडे बघत बसले. उतरल्यावर मात्र इंजिन राहिलं बाजूला, आधी माझ्याजवळ येऊन म्हणाले, "पोरी, लागनं नही ना तुले?"