लुपेनं कापलेले केस

तुमच्यापैकी किती जणांनी आपल्या बापाच्या केसांतून हात फिरवलाय? फिरवला असेल तर नशीबवान आहात. आमच्या टोंगा बेटांवर लेकरांनी बापाच्या डोक्याला हात लावायचा नाही, त्याच्या पानातलं उष्टं खायचं नाही. नातवंडांना मात्र सगळं माफ!

माझा बाप फेलेटी, वावाऊ बेटाच्या धक्क्यावर हमाली करायचा आणि रविवारी चर्चच्या बँडमध्ये सगळ्यात मोठा भोंगा वाजवायचा. भरती आली की आम्हा भावंडांना एकेक करून पाठीवर घेऊन, कमरेइतक्या पाण्यातून पलीकडच्या शाळेत सोडायचा. वर दम द्यायचा, "खांदा धरा. डोक्याला हात लागला तर माशांना टाकीन." तेवढाच आमचा लाड.

मग माझी लेक लुपे जन्मली. रांगायला लागली आणि थेट त्याच्या छातीवर चढून केस ओढायला लागली. तोंडातलं कोनफळ काढून खायची, आणि हा माणूस आ वासून बसायचा! माझा नुसता जळफळाट. आमच्या वेळी कुठं होता हा?

गेल्या वर्षी त्याची उजवी बाजू लुळी पडली. आई आधीच गेलेली. त्याचे केस कापणारा बँडमधला दोस्त पाएआ ऑस्ट्रेलियात सफरचंदं तोडायला गेलेला, आणि दुसऱ्या कुणाच्या हातावर बाबाचा भरवसा नाही. केस मानेवर उतरले. त्यात आला मे महिन्यातला मुलांचा रविवार. लुपे चर्चमध्ये पहिल्यांदा वचनं म्हणणार होती.

"हे जंगल घेऊन मी देवासमोर यायचा नाही," बाबानं जाहीर केलं.

"मग मी कापते."

"तू मंत्र्यांच्या डोक्यावर बसतेस तेवढं पुरे. माझं सोड."

मी बाजारातल्या बायकांची संघटना चालवते, त्याचा हा टोमणा.

"बाबा, जग कुठं गेलंय!"

"जाऊ दे. मला फक्त चर्चपर्यंत जायचंय."

आता एकच आशा होती, हापाई बेटावरची सेईनी आत्या. थोरली बहीण, तिचा मान भावाच्या वर. तिनं त्याचं मुंडण केलं असतं तरी तो हूं म्हणाला नसता. शनिवारी दुपारी तिचा फोन आला.

"बोट बंद पडलीय गं. म्हाताऱ्याला सांग, रडू नकोस."

रविवारी आमच्याकडे कात्री उचलणंही पाप. काय ते संध्याकाळच्या आत व्हायला हवं होतं. बाबा भिंतीकडे तोंड करून पडला. मला रडूही येत होतं आणि त्याला बदडावंसंही वाटत होतं.

लुपे त्याच्या पायांवर जाऊन बसली. "आजोबा, मी कापू?"

"येतं तुला?"

"नाही."

"मग ये."

चटईची पानं कापायची कात्री घेऊन ती कामाला लागली. मी दारातून हातवारे करत होते, "कानाजवळ सांभाळ! मागं राहिलंय!"

"आई, तू गप्प बस. माझा हात हलतो."

झालं तेव्हा एका बाजूला टक्कल, दुसऱ्या बाजूला झुडूप. बाबानं आरशात बराच वेळ पाहिलं. म्हणाला, "टोपी लपवून ठेवा माझी. उद्या कुणीतरी घालायला लावेल."

दुसऱ्या दिवशी आमच्या रिवाजाप्रमाणे देवाच्या मानासाठी कमरेला चटई बांधून, माझ्या भावांच्या आधारानं तो पहिल्या बाकावर बसला. मागच्या बाकांवर खोकल्याची साथ आली.

"फेलेटी, डोक्याला काय चावलं?" बँडवाल्यानं विचारलं.

"माझी नात."

लुपे मध्येच अडखळली. आजोबाच्या डोक्याकडे बघून फिसकन हसली आणि उरलेलं सगळं घडाघडा म्हणून टाकलं. बाबा ढसाढसा रडत होता, डावा हात बाकावर आपटत.

ऑगस्टमध्ये तो गेला. कबरीवरच्या फलकासाठी त्याच रविवारचा फोटो दिला, तर फोटोवाला म्हणतो, "ताई, केस सारखे करून देतो." त्याला असं झापलं की बिचाऱ्यानं पैसेच मागितले नाहीत. मीच नेऊन दिले.

वावाऊला आलात तर त्या फलकापुढे या. आणि कृपा करून तोंडावर रुमाल धरू नका, मोठ्यानं हसा.