म्हशीला काशीच लागते

दिग्गी गावातले काशी आणि येसाजी हे नवरा-बायको एका काठीवर चालत. पुढचं टोक त्याच्या हातात, मागचं तिच्या. त्याला वाटे, आपण म्हातारीला नेतोय. ती मागून काठी हलकेच डावी-उजवी ढकलत असे. दोघांना मिळून एका माणसाइतकं दिसायचं आणि तेवढ्यावर संसार चालला होता.

एकदा मोतीबिंदू तपासायला डोळ्यांच्या दवाखान्यातली अश्विनी आली. मोबाइलला छोटं भिंग अडकवलेलं. तपासायला अंधार हवा, म्हणून येसाजीच्या डोक्यावरून कांबळं घेतलं आणि ते धरायला काशीलाही आत घेतलं. येसाजीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. मग अश्विनीनं सहज मोबाइल काशीकडे वळवला.

"आज्जी, तुमचे तर ह्याहून पिकलेत. बाहुलीच्या जागी नुसतं ताक दिसतंय. ऑपरेशनला आधी तुम्ही चला."

"ती कशी येणार, अक्का?" कांबळ्यातून येसाजी बोलला. "धार कोण काढणार? म्हस तिच्याबिगर कुणाला हात लावू देत न्हाई."

म्हशीचा शब्द मोडणार कोण? दवाखान्याची जीप आली, येसाजी गेला आणि काळा चष्मा लावून परत आला. चष्मा उतरला तसा त्याला संसार दिसू लागला.

"काशे, ही जळमटं कवापासनं हाईत? भातात खडं. आणि तू एवढी म्हातारी कवा झालीस गं?"

काशी हसून ऐकून घेई. नवऱ्याला दिसतंय ह्याचं तिला कौतुकच होतं. तो आता मोकळ्या हातानं पुढे चाले. काठीची दोन्ही टोकं तिच्याकडे आली.

पुढच्या फेरीला अश्विनी तोड काढूनच आली.

"अज्जा, आज्जीचं लुगडं नेसून बसा म्हशीखाली. फसते ती. दोन-चार दिवस तर काढायचेत."

"लुगडं? मी?" येसाजी म्हणाला. "गाव हसंल की."

"जाऊ दे अक्का," काशी म्हणाली. "ह्यांना हसलेलं सोसत न्हाई."

जीप काशीवाचून गेली.

भातकापणीच्या दिवसांत गोठ्याच्या दाराशी येसाजीनं कळशी ठेवली, ती काशीला दिसली नाही. खुब्याचं हाड मोडलं, ती अंथरुणाला खिळली. अश्विनी येऊन पुन्हा कांबळ्यात शिरली. मोबाइलचा उजेड एकेका डोळ्यावर धरला.

"आज्जी, उजेड कळतोय?"

"लावलास व्हय?" काशीनं विचारलं.

पिकलेल्या मोतीबिंदूनं आत दाब वाढून दोन्ही डोळे गेले होते. आता ऑपरेशनचाही उपयोग नव्हता.

म्हशीला हे कोण समजावणार? येसाजी रोज पहाटे शेजार उठायच्या आत दार लावून घेतो आणि काशीचं लुगडं नेसतो. गाव हसत नाही, कारण गावाला दिसत नाही. काशीसमोर तर लाजायचं कारणच उरलेलं नाही.

"पदर फुडं वढून घ्या," ती अंथरुणातून सांगते. "तोंड झाका. म्हशीला दिसतंय."