नसलेल्या गावातला लाल रस्ता

"पलीकडं कोण?"

हेच पहिलं विचारायचे काका. लग्नाच्या कार्डावर घराचा रस्ता छापायचा असला तरी तेच. चष्मा कपाळावर सरकवायचे, कानावरची पेन्सिल काढून स्क्रीनला टेकवायचे. "हितं तुमचं घर. बरं. पलीकडं कोण?"

तुमी म्हणाल, बॅनरच्या दुकानदाराला काय करायचंय पलीकडचं. पण त्याहिची उमर सरकारी मोजणीत गेलेली. शेतं मोजायची, कापडावर शाईनं नकाशे उतरवायचे. मंग हापिसात कॉम्प्युटर आले, तवा पन्नाशीत शिकले. रिटायर झाले अन् आमच्या गावात दुकान टाकलं.

मी आठवी शिकलेली. लहानपणापासून मला नसलेल्या गावांचे नकाशे काढायची खोड. वहीच्या मागच्या पानावर, कॅलेंडरच्या पाठीवर. लेकीच्या वाढदिवसाच्या बॅनरचा मजकूर नेला तो असल्याच एका कागदावर लिहून. काकांनी मजकूर वाचलाच न्हाई. कागद उलटा करून पाहत बसले.

"कुणी काढला?"

मी घाबरले. "मीच. चुकून आला कागद."

"कागद न्हाई चुकला, नदी चुकली. खालून वर काहून चढली?"

"ती रुसलेली हाय."

काका हसले न्हाईत. "मंग तसं लिही. नकाशात कारण पायजे."

त्या दिवसापासून मी जायला लागले. घरी सांगितलं शिवणक्लास हाय. लेकरू मांडीवर, एक हात माऊसवर. माऊस म्हंजे ओली साबणाची वडी, हात इकडं अन् रेघ तिकडं! काका सांगायचे, थर म्हंजे एकावर एक ठेवलेल्या काचा, समुद्र एका थरावर काढ, डोंगर दुसऱ्या, गावं तिसऱ्या. मी सगळं एकाच थरावर काढलं, कागदावर तर तसंच असतंय. समुद्र पुसायला गेले अन् त्याच्यासंगं चार गावं गेले. मला रडूच आलं.

"मेले न्हाईत गं. कंट्रोल झेड दाब."

गावं वर आले. काका बारीक आवाजात म्हणले, "कापडावर माझा एक बांध चुकला व्हता. त्याला हे बटन नव्हतं."

तीन महिन्यांत माझं एक अख्खं गाव झालं. ढगांचा बाजार, झोपलेला डोंगर, रुसलेली नदी. पण हाताला जे ठाऊक तेच हात काढतो. तळं आमच्याच तळ्यासारखं झालं, देऊळ बी तसंच. अन् लेकीला समुद्रापर्यंत चालत जाता यावं म्हणून मी मधून एक जाड लाल रस्ता काढला.

कुणीतरी बॅनर न्यायला आलं अन् स्क्रीनचा फोटो काढून गेलं. दुपारपर्यंत तो सगळ्यांच्या मोबाईलवर. खाली लिहिलेलं, मोजणीवाल्यानं हायवे काढला, आपले शेतं चालले.

गाड्यांचा आवाज आला तसं काका म्हणले, "लेकराला घे, मागं हो." मी बॅनरच्या गुंडाळ्यांमागं उभी राहिले. पंधरा-वीस माणसं आत. पुढं माझे सासरे.

"काका, कुणाच्या शेतातून रस्ता नेऊन राहिले?" एकानं विचारलं.

"कुणाच्याच न्हाई."

"मंग हा तळ्याजवळून चालला तो काय तुमच्या सासुरवाडीला?"

दोघं-तिघं हसले. सासरे न्हाई हसले. "कुणी काढायला लावला? नाव सांगा."

"मीच काढला. रिकामा बसतो, काढतो."

माझ्याकडं एकदा बी पाहिलं न्हाई काकांनी. मला कळलं काहून ते.

एकानं वायर उपसली. "उचला रे हा डबा, फोडा बाहेर नेऊन."

लेक कुरकुरायला लागली, मी तिला छातीशी दाबली. बाहेर आले तर शिवणक्लासचं खोटं उघडं, तेबी इतक्या माणसांत, अन् न्हाई आले तर काकांचं काय?

"माझा हाय नकाशा."

मलाच ऐकू आलं न्हाई. परत म्हणले, "मामा, मी काढलाय."

मी पुढं आले, वायर लावली, कॉम्प्युटर चालू केला. माऊस फिरवून दाखवत गेले. "हे आपलं गाव न्हाई. पाहा, हा ढगांचा बाजार. ही नदी रुसलीय म्हणून उलटी. अन् हा रस्ता समुद्राला जातो."

"हिंगोलीत समुद्र?" मागून एक म्हातारा म्हणला, अन् सगळे खदाखदा हसले. वायरवाला बी हसला.

सासरे वाकले. तळ्याच्या बाजूला बोट ठेवलं. "अन् आपलं शेत?"

"न्हाई काढलं, मामा."

"बरं केलं. घरी चल."

कुणी मारलं न्हाई, कुणी बोललं न्हाई. फक्त माझं जाणं बंद झालं. अन् लोक हसले खरे, पण काकांच्या दुकानात कुणी जाईना. मोजणीचा माणूस, काय भरोसा. दोन महिन्यांनी शटर पडलं.

शेवटचे दिसले ते थांब्यावर उभ्या बसमधी, गाव सोडून चाललेले. मी सासूसंगं लेकीला डोस द्यायला चालले व्हते. काका खिडकीशी, मांडीवर गोधडीत बांधलेला कॉम्प्युटरचा डबा. मी धावत खिडकीखाली गेले.

"काका, मी बोलायला उशीर केला."

"बोललीस की."

सासूनं हाक मारली. बस निघाली. गतिरोधकावर आदळली तसे काका त्या गोधडीवर वाकले, दोन्ही हातांनी धरून. माझं गाव त्यातच हाय.